देवकापसाची वात

वनमालाबाईंनी बटण दाबून वाफ ओढली आणि तोंडात जळक्या चिंधीची चव भरली. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं.

"बंद पडलं ना? बरं झालं," मोबाइलमधून डोकं वर न काढता त्यांचा मुलगा सिद्धेश म्हणाला. "दे, फेकून टाकतो. सगळ्या भांडुपमध्ये झालंय, सिद्धेशची आई धूर सोडते म्हणून."

भांडुपला दुसरं कामच काय! बाईंनी जन्मभर मशेरी लावली, तेव्हा याच शेजारणी चिमूटभर मागायला दारात यायच्या. मग तोंडात पांढरा चट्टा दिसला. डॉक्टरीणबाईंनी तंबाखू कायमची बंद केली आणि बाईंचा जीव कासावीस व्हायला लागला. शेवटी बोटीवर नोकरी करणाऱ्या भाच्याने, मिथुनने, हे वाफेचं यंत्र, ई-सिगारेट, आणून दिलं. डॉक्टरीणबाईंनी नाक मुरडलं. हेही हळूहळू सोडायचं, म्हणाल्या. बाईंनी कबूल केलं. पण मशेरीची डबी अजून फळीवर, डाळीच्या डब्यामागे होती. यंत्र आज चाललं नाही तर संध्याकाळपर्यंत आपला हात तिकडे जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

इथे असलं यंत्र विकायलाच बंदी, मग दुरुस्तीला न्यायचं कुठे? मिथुनने फोनवर दाखवलं होतं तेवढंच ज्ञान. तारेच्या वेटोळ्यातून कापसाची वात ओवायची, ती टाकीतला निकोटिनचा रस पिते, तार तापते, वाफ होते. जुनी वात काळी पडली म्हणून बाईंनी सकाळी बदलली होती. आणि वात वळायला वनमालाबाईंना कोण शिकवणार? गावच्या परसातला देवकापूस, खास देवापुढच्या समईसाठी जपून ठेवलेला, तोच घेऊन त्यांनी छान घट्ट पीळ दिला होता.

पीळ जास्त झाला असेल म्हणून त्यांनी सैल वात वळली. पुन्हा जळका वास. तार पुसून पाहिली, ती ठीक होती. टाकी भरलेली होती. मग घोडं अडतंय कुठे?

हात फळीकडे गेला. डाळीचा डबा सरकलासुद्धा. बाईंनी स्वतःलाच एक शिवी हासडली आणि परत येऊन बसल्या. रागारागाने देवकापसाचा पुंजका ताटलीत ठेवून त्यावर रसाचा थेंब सोडला. थेंब अळवाच्या पानावर राहतो तसा वरच उभा राहिला.

"मेल्या, तू पितच नाय!"

मग लख्ख उजेड पडला. झाडावरचा कापूस मुळात तेलकट. समईतलं तेल तो आवडीने पितो, पण हा रस तेल नव्हे. बाईंनी कपाटातून जखमेवर लावायचा, धुऊन तेल काढलेला मेडिकलमधला कापूस काढला. त्यावर टाकलेला थेंब क्षणात गडप झाला. त्याचीच सैलशी वात ओवली, टोकं रसात सोडली, ती पुरती भिजू दिली आणि बटण दाबलं.

वाफ आली. जळका वास नाही, काही नाही.

यंत्र घेऊन बाई थेट दारात जाऊन ओढत बसल्या.

"आई, आत ये ना यार!" सिद्धेश धावत आला. "समोरचे काशीरामकाका बघतायत. बाईमाणसाला शोभतं का हे?"

वनमालाबाईंचं टाळकं सटकलं. आवाज गॅलरीच्या टोकापर्यंत गेला.

"गावाक तुझ्या बापाशीची विडी दमट होऊन पेटा नाय, तेवा चुलीर धरून पयलो झुरको कोण मारी होता? मीच! तेवा सगळ्यांका शोभला. आता माझ्या जीवासाठी ओढतंय, तर तुका लाज वाटता?"

काशीरामकाकांनी मान वळवून घेतली.

बाई उठल्या. फळीवरून मशेरीची डबी काढली आणि त्याच्या हातात कोंबली.

"तुका कायतरी फेकूचा होता ना? ही फेक."