लाचेझारची वाटणी

"मिस्त्री, माझा नंबर कधी लागणार?" नेवेनाने विचारलं.

झाप्रियानने मान वर केली. संगणक दुरुस्तीच्या त्या दुकानात दुसरं चिटपाखरूही नव्हतं. काउंटरपलीकडे त्याची स्वतःची बायको उभी होती. सकाळी साडेसहाला जिने त्याच्यापुढे कॉफी ठेवली, तीच. आता तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"हे काय नाटक? घरीच द्यायचं ना माझ्याकडे."

"घरी तू नवरा असतोस. मला मिस्त्री हवाय. सगळ्या कार्शियाका भागात म्हणे भरवशाचा एकच आहे."

तिने टॉवेल सोडला. आत लाचेझारचा लॅपटॉप होता.

लाचेझार म्हणजे नेवेनाचा पहिला नवरा. इथंच प्लॉवदिव्हमध्ये शहर बस चालवायचा. सहा वर्षांपूर्वी हृदयाने दगा दिला आणि गेला. चार वर्षांपूर्वी नेवेनाने झाप्रियानशी लग्न केलं, आणि झाप्रियान आपल्या दोन सूटकेस घेऊन लाचेझारच्याच फ्लॅटमध्ये राहायला आला. इमारतीच्या दारावर दर वर्षी लाचेझारच्या स्मरणाचा नवा कागद चिकटायचा, फोटोसकट: 'तुझ्याविना तीन वर्षं', मग चार, मग पाच. ही तिथली रीतच आहे, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण दूध आणायला जाताना आणि दूध घेऊन येताना रोज त्या हसऱ्या तोंडासमोरून जायचं, हे ज्याच्या वाट्याला येतं त्यालाच कळतं. जिवंत माणसाशी निदान भांडता तरी येतं. मेलेला घोरत नाही, टूथपेस्टचं टोपण उघडं टाकत नाही, दर वर्षी थोडा थोडा चांगलाच होत जातो. शेजारीपाजारी तर झाप्रियानची ओळख अजूनही 'लाचेझारच्या नेवेनाचा नवरा' अशीच करून देत.

"याचे दोन भाग करून पाहिजेत," नेवेना म्हणाली. "एकात त्याचं सगळं, कुलूप लावून. दुसरा माझा, शिकवणीसाठी."

परदेशात गेलेल्यांच्या मुलांना ती नेटवरून आपली भाषा शिकवायची.

"एकात तो, एकात तू. आणि मी कुठं?"

"तू दुकानात."

"त्याचं सगळं म्हणजे काय काय?"

"व्हिडिओ. दोनशे अकरा आहेत. परवा शिकवताना चुकून बोट पडलं आणि तो बोलायलाच लागला. सहा पोरं डोळे फाडून बघत होती. मला रडूच यायला लागलं रे त्यांच्यासमोर. म्हणून वेगळं करायचंय."

"पुसून टाक, आपोआप वेगळं होईल."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. नेवेनाने टॉवेलाची नीट चौघडी करून ती पिशवीत घातली.

"याची दुसरी प्रत कुठं आहे?" त्याने मिस्त्रीच्या आवाजात विचारलं.

"नाही. जे आहे ते यातच आहे. पाच वाजता येते, मिस्त्री."

ती गेली. झाप्रियानने लॅपटॉप उलटा करून पाहिला. बॅटरी केव्हाच मेलेली होती, यंत्र फक्त वायरवर चालत होतं, आणि वायरची पिनही ढिली होती. जरा धक्का लागला की अंधार. अशा डिस्कचे भाग करायचे म्हणजे माणसं आत झोपलेली असताना घराची भिंत सरकवण्यासारखं. सरकवताना वीज गेली तर सगळं गेलंच म्हणून समजा. यासाठी झाप्रियानचा तीस वर्षांचा नियम होता: आधी प्रत, मग कात्री. सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, उतरलेलं उघडतंय का ते बघायचं, मगच भागांना हात लावायचा. काम झालं की गिऱ्हाइकाने स्वतः कुठल्याही तीन फायली उघडून बघायच्या, आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत प्रत पुसून टाकायची. या नियमापायी तो घाईच्या गिऱ्हाइकांशी भांडला होता, एकदा तर सख्ख्या भावाशीही.

पण प्रत घ्यायला चार तास लागणार होते. आजच्या दिवस नियम बाजूला राहिला तर काय बिघडतं, असं त्याच्या मनात आलं. आणि एकदा आल्यावर ते जाईना.

डिस्कमध्ये दोष आहे का ते त्याने तपासलं. काही नव्हता. मग भागांचं पान उघडलं. पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पट्टी होती. ती किती आखडायची तो आकडा त्याने भरला. आता नुसतं बटण दाबायचं होतं. मध्येच वायर निसटली असती तर दोष वायरचा होता. सुंठीवाचून खोकला जाणार होता आणि झाप्रियान करून सवरून नामानिराळा राहणार होता. नेवेना दोन दिवस रडली असती. तिला जवळ घेऊन काय बोलायचं, तेसुद्धा त्याने ठरवून टाकलं. आपण हे ठरवतोय याची त्याला लाज वाटली, पण बोट काही त्याने मागे घेतलं नाही.

मग त्याला वाटलं, जाणारच आहे तर एकदा बघावं तरी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याने मधलाच एक व्हिडिओ लावला. सप्टेंबर महिना, त्याच्या रोजच्या ओळखीची बाल्कनी. लाचेझार बनियनवर उभा राहून लाल ढबू मिरच्या भाजत होता. लठ्ठ, घामेजलेला, गालाला काजळी. त्याने मिरच्या उलटल्या, पँटला हात पुसले आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "नेवे, मीठ सगळ्यात शेवटी. आणि कमी. तुझा हात म्हणजे अख्खा काळा समुद्र..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत कॅमेऱ्यामागे कुणीतरी हसलं. फिसकन सुरू झालं, मग श्वास अडकला, मग नाकातून घुर्र असा आवाज आला, आणि चित्र गदागदा हलायला लागलं. "गप रे! फोन पडेल ना माझा!"

झाप्रियान बघत राहिला. चार वर्षं ज्या मिरच्यांच्या चटणीचं तो तोंड भरून कौतुक करत होता, तिची कृती लाचेझारची होती. तेही त्याने गिळलं असतं. पण हे हसू त्याने एकदाही ऐकलं नव्हतं. नेवेना त्याच्या विनोदांना हसायची. तोंडावर हात धरून, मायेने, पाहुण्यांसमोर हसतात तसं. ती वाईट बायको नव्हती. त्याला ताप आला तर रात्र रात्र उशाशी बसायची. पण ही नाकातून घुर्र करणारी बाई त्याला कधी भेटलीच नव्हती.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आजवर त्याला माणसाचा मत्सर वाटत होता, आता हसण्याचा वाटायला लागला. त्याने व्हिडिओ पुन्हा लावला. आणखी दोनदा लावला. चौथ्या वेळी त्याच्या लक्षात आलं, की वायर निसटली तर हेही जाईल. हे दुसरं कुठेच नव्हतं. घरी असलेल्या नेवेनाकडेसुद्धा नव्हतं.

त्याने बटण न दाबता पान बंद केलं. खणातून मोठी डिस्क काढून जोडली आणि प्रत घ्यायला सुरुवात केली.

दोन वाजता प्रत पुरी झाली. त्याने ती तपासली, मधल्या मधल्या फायली उघडून पाहिल्या, आणि मगच पट्टी आखडायला घेतली. यंत्र जेवढी जागा मोकळी करून देऊ म्हणत होतं त्याहून थोडी कमीच घेतली. जुन्या भागालाही हात-पाय पसरायला जागा लागते. प्रत खणात होती, तरीही वायरच्या पिनेवरचा अंगठा त्याने उचलला नाही. वीस मिनिटं झाली, तीस झाली. अंगठ्याला मुंग्या आल्या.

तेवढ्यात गिंकाकाकू चार्जर घेऊन आली. ती त्यांच्याच इमारतीत खाली राहायची.

"काय रे, नाडी बघतोयस का त्याची?"

"लाचेझारला धरून बसलोय, काकू. सोडला तर जाईल."

"कोण, आपला लाचेझार? अरे, काय सोन्यासारखा माणूस! मला उशीर झाला तर बस थांबवून धरायचा. लोक बोंबलायचे, तर म्हणायचा, माझी आई चढतेय, गप बसा." तिने डोळे पुसले, मग झाप्रियानकडे बघितलं. "तूही बरा आहेस हो."

"चार्जर ठेवा तिथं. उद्या या."

पंचेचाळीस मिनिटांनी पडद्यावर एका पट्टीच्या दोन झाल्या. दोनशे अकरा व्हिडिओ नव्या भागात गेले, कुलूप लागलं.

पाचला नेवेना आली. नियमाप्रमाणे त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "कुठल्याही तीन उघडून बघा, बाई."

तिने पहिल्यांदा मुलांचा धडा उघडला. मग एक फोटो उघडला. मग त्याने सांगितलेला परवलीचा शब्द टाकून लाचेझारच्या भागात गेली, यादीवरून बोट फिरवत राहिली आणि नेमक्या त्याच व्हिडिओवर थांबली. मिरच्या भाजल्या गेल्या, मिठाचं बोलणं झालं, आणि दुकानभर ते हसू पसरलं.

"ही मी?" नेवेना म्हणाली. "बाई गं, किती मोठ्यानं हसायचे मी!"

"मीठ मात्र खरंच जास्त घालतेस तू," झाप्रियान म्हणाला.

ती हसली. तोंडावर हात धरून, मायेने.

"छान केलंस. मी भीत होते, खरं सांगू? म्हणून दुकानात आणला." तिने लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला. "आता प्रत पुसतोस ना?"

"पुसायलाच पाहिजे."

त्याने तिच्या डोळ्यांदेखत प्रत पुसली. पट्टी सरकत सरकत संपली.

"चल, बरोबरच जाऊ."

"तू हो पुढं. शटर ओढून आलोच."

ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो दारात उभा राहिला. मग अर्धं शटर ओढून स्वतःच्या संगणकासमोर बसला. त्यात 'जुने प्रिंटर' नावाच्या कप्प्यात दुपारपासून एक फाइल पडून होती. तीस वर्षांत गिऱ्हाइकाची एवढीशी गोष्ट त्याने ठेवून घेतली नव्हती. लाचेझारचा आवाज कापून नुसतं हसू ठेवता येतं का, तेही त्याने दुपारीच करून पाहिलं होतं. येत नव्हतं. त्याचं बोलणं संपायच्या आधीच ती हसायला लागायची.

त्याने फाइल लावली. लाचेझार मिरच्या उलटायला लागला, सावकाश, एकेक करून. मांडीवर हात ठेवून झाप्रियान तो मिठापर्यंत यायची वाट बघत बसला.