भागाकाराआधीची चौकट

दिलेले:

साल १९९७. कोल्हापुरातल्या एका कॉलेजातला एम.एस्सी. गणिताचा पहिल्या वर्षाचा वर्ग. विषय डिफरन्शियल इक्वेशन्स, म्हणजे आमच्या तोंडी डी.ई. शिकवणारे आकाराम चौगुले सर. पेठ वडगावची दीप्ती कांबळे. आणि हॉस्टेलमधली तिची रूममेट, म्हणजे मी, प्रियदर्शनी, कागलकडची.

काय काढायचे:

दीप्ती पुढे शिकते की नाही.

अट:

दीप्तीचे वडील भाऊसो कांबळे पोस्टात होते. घरात सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. त्यांनी मुलीला एम.एस्सी.ला घातलं ते कुणाचं न ऐकता, पण पहिल्या लेखी चाचणीत ती डी.ई.त नापास झाली आणि त्याच आठवड्यात ओळखीतून दूध संघात क्लार्कची जागा निघाली. सोमवारी सकाळी येऊन भेटा, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं. आण्णा म्हणाले, "शनिवारची चाचणी झाली तर शीक. न्हाय झाली तर ऐतवारी घरी ये, सोमवारी संघात जाऊ. मी काय जबरदस्ती करत न्हाय. पण दोन्ही हातचं जायाला नको."

नापास होण्याचं कारण:

तिला येत नव्हतं म्हणून नाही. ती पोचत नव्हती. आम्ही पाच गणितं करायचो तेवढ्यात ती दोन करायची. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना कशानं भागायची वेळ आली की दीप्ती थांबायची. समासात एक छोटी चौकट काढायची आणि आत लिहायची: शून्य असेल तर? मग ते शून्य असेल तर काय होतं ते आधी बघायची, आणि मगच भागायची. बहुतेक वेळा त्यातून काही निघायचं नाही. तरी पुढच्या गणितात पुन्हा चौकट.

वर्गातला सगळ्यात वेगवान मुलगा धैर्यशील. त्यानं तिचं नाव शून्यबाई ठेवलं होतं.

"शून्यबाई, जेवताना पण बघता काय, ताटात शून्य असंल तर?"

"बघतो की," दीप्ती म्हणायची. "तू माझ्याआधी मेसमध्ये गेलास की तसंच असतंय."

फळ्यावर

शनिवारची चाचणी फळ्यावर व्हायची. चौगुले सरांची पद्धत अशी: प्रत्येकाला एक समीकरण आणि खडूचा एक तुकडा. खडू संपायच्या आत उत्तर. "पेपरात वेळ संपतो, इथं खडू संपतो," असं ते म्हणत. धैर्यशीलचा अर्धा खडू उरायचा आणि तो टेबलावर ठेवताना मुद्दाम आवाज करायचा.

दीप्तीला आलं ते सोपं होतं. सरांच्या सायक्लोस्टाइल नोट्समधलंच.

dy/dx = 3∛(y²), आणि x शून्य असताना y शून्य.

नोट्समध्ये त्याच्या चार ओळी आहेत. दोन्ही बाजूंना ∛(y²) नं भागा, इंटिग्रेट करा, उत्तर y = x³. आम्हा सगळ्यांना पाठ होतं. मी पहिल्या बाकावरून ओठांनी सांगायलासुद्धा लागले.

दीप्तीनं चौकट काढली.

मागून कुणीतरी हसलं. तिनं लिहिलं: y कायम शून्य असेल तर? डावी बाजू शून्य. उजवी बाजू शून्य. समीकरण बरोबर. अटही बरोबर. म्हणजे y = 0 हे एक उत्तर. मग तिनं भागलं आणि चार ओळींत x³ काढलं. तेही घालून बघितलं. तेही बरोबर.

फळ्यावर दोन उत्तरं होती.

"दोन कशी?" सर म्हणाले. "परवा आपण काय सिद्ध केलं? सुरुवात दिली की उकल एकच."

"व्हय सर."

"मग ह्यातलं चूक कुठलं?"

दीप्तीनं दोन्हींकडे बघितलं. "चूक कुठलंच न्हाई."

सर फळ्याजवळ गेले. त्यांनी पहिलं उत्तर मनात घालून बघितलं, दुसरं घालून बघितलं. ते गणित किती वर्षं देत आले होते कुणास ठाऊक. मी त्यांचा चेहरा बघत होते. तो रागावला नाही. नुसता थांबला.

"मग प्रमेय चूक हाय काय?"

"तसं पण म्हणता येत न्हाई सर."

तिच्या हातात खडूची नुसती पूड उरली होती.

"अपूर्ण," सर म्हणाले. "सोमवारी पहिल्या तासाला ये आणि प्रमेय कुठं मोडलं ते सांग. दीप्ती, एक लक्षात घे. लेखी गेलीय तुझी. हे पण राहिलं तर मला टर्म देता येणार नाही, मग परीक्षेलाच बसता यायचं नाही."

सोमवारी पहिला तास. सोमवारी सकाळी दूध संघ.

उकल एक

रविवारी दुपारी वडगावची एस.टी. वेळेवर सुटते. दीप्ती घरी जाते. सोमवारी इस्त्रीची साडी नेसून आण्णांबरोबर संघात जाते. नोकरी चांगली असते. माणसंही चांगली असतात. दुधाच्या फॅटचे आकडे ती कधी चुकवत नाही. फळ्यावरची दोन उत्तरं सोमवारी कुणीतरी पुसतं.

हे घडायला काहीच अडचण नव्हती. सुरुवातीच्या सगळ्या अटी हे उत्तर पाळतं.

उकल दोन

एस.टी. वेळेवर सुटली नाही.

आम्ही दोघी स्टँडवर गाडीत बसून होतो. मी सोबतीला निघाले होते, कारण तिला एकटीला जाऊ द्यावंसं वाटेना. शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ तिनं प्रमेय उलटसुलट वाचण्यात घालवली होती. काही हाती लागलं नव्हतं. पिशवी मांडीवर घेऊन ती खिडकीबाहेर बघत होती. गाडी भरली होती, उकडत होतं, ड्रायव्हरचा पत्ता नव्हता.

पुढच्या सीटवरच्या फेटेवाल्या आजोबांनी कंडक्टरला विचारलं, "पावणं, कवा सुटणार ही?"

"सुटली की सुटली."

"म्हंजे कवा?"

"डायव्हर आला की."

"आन त्यो कवा येणार?"

"आता आला तर आता. च्या घेतला तर च्या घिऊन. तुमी बसा की निवांत, गाडीत बसलायसा न्हवं?"

"बसलोय, पर गाडी कुठं चाललीया?"

"ती बी बसलीया."

गाडीभर हसू फुटलं. दीप्ती पण हसली आणि हसता हसता माझ्याकडे वळली.

"प्रिये, आत्ता ह्या गाडीनं किती अंतर कापलंय?"

"शून्य."

"वेग?"

"शून्यच की. झोप काढ जरा."

"y म्हणजे अंतर धर, x म्हणजे वेळ. म्हणजे उभी गाडी आपलं समीकरण पाळतीय. अंतर शून्य, वेग शून्य." तिनं पुढच्या सीटच्या धुळीत बोटानं एक आडवी रेघ ओढली. "आत्ता ह्या क्षणाला सुटली तर इथनं x³ सारखी वर जाणार." रेघेतून एक वळण वर गेलं. "आजोबांनी पान लावून झाल्यावर सुटली तर?" तिनं रेघ थोडी पुढे नेली आणि तिथून तसंच वळण वर नेलं. "तिथनं पण पाळतीय. संध्याकाळी सुटली तर संध्याकाळी. उभी असताना पाळतीय, सुटल्यावर पाळतीय, आणि सुटतानाचा सांधा पण कुठं दिसत न्हाई, कारण सुटताना वेग शून्यच असतोय."

मी त्या धुळीकडे बघत राहिले. एकाच आडव्या रेघेतून एकामागं एक वळणं उठत होती.

"दोन उत्तरं न्हाईत, प्रिये. मोजता येणार न्हाईत इतकी हायेत. शून्यावर किती वेळ थांबायचं हे समीकरणाला सांगताच येत न्हाई."

"बरं. पण सर विचारणार, प्रमेय कुठं मोडलं?"

"तेच बघतोय." मग तिनं आडव्या रेघेच्या अगदी शेजारी बोट टेकलं. "इथं. प्रमेयात एक लगाम हाय बघ. y जरासा बदलला तर उजवी बाजू पण बेतानंच बदलायला पाहिजे. आपण ती अट म्हणून नुसती पाठ केली. शून्यापाशी हिला लगामच न्हाई. y केसभर हलला की ही त्याच्या मानानं कितीच्या कितीपट उसळती. म्हणून शून्यावरनं सुटता येतंय. लगाम असता तर शून्यावर बसलेला कायमचा बसला असता."

त्याच वेळी ड्रायव्हर चढला. इंजिन धडधडलं.

पिशवी माझ्या मांडीवर ठेवून दीप्ती उठली. "मी उतरतो."

"आणि आण्णा?"

"तू जा की. त्यांना सांग, उद्या सकाळी मी फळ्यापाशी आहे."

"मी काय सांगू त्यांना? लगाम?"

"जे बघितलंस ते सांग."

कंडक्टर ओरडला, "आवो बाई, आता सुटली तर उतरताय? दुपारधरनं बसलायसा."

"आता सुटली म्हणूनच," दीप्ती म्हणाली आणि उतरली. पिशवी माझ्याच मांडीवर राहिली.

वडगाव

भाऊसो कांबळे दारातच उभे होते. माझ्या मागं कुणी आलं नाही हे त्यांनी बघितलं.

मी जेवढं कळलं होतं तेवढं सांगितलं. उभी गाडी, सुटलेली गाडी, लगाम. माझंच मला मधे तुटत होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे तिला गणित सुटलं?"

"सुटलं म्हणजे... एक उत्तर पाहिजे होतं, तिला अगणित सापडली."

"हे चांगलं हाय का वाईट?"

"मला वाटतं लई चांगलं हाय, आण्णा."

"तुला वाटतंय. मास्तरास्नी काय वाटंल?"

हे मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं. जेवून घे."

पहिला तास

सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही दोघं कोल्हापुरात आलो. दूध संघाचा रस्ता उजवीकडे होता. आण्णा डावीकडे वळले.

दीप्ती फळ्यावर होती. तिनं आडवी रेघ आधीच ओढली होती. सरांनी दारात उभ्या माणसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "पावणं, आत या. शेवटच्या बाकावर जागा आहे."

आण्णा मागं गेले, मी माझ्या पहिल्या बाकावर बसले. दीप्तीनं सगळं सांगितलं. गाडीचं नाव तिनं घेतलं नाही. प्रमेयाच्या अटी एकेक लिहिल्या, पहिली पाळली जाते ते दाखवलं, दुसरी शून्यापाशी कशी मोडते ते दाखवलं. खडू संपला तेव्हा तिनं थांबून सरांकडे बघितलं. त्यांनी खिशातून आख्खा खडू काढून दिला आणि खाली, पहिल्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. विद्यार्थी बसतात तसे, वही उघडून.

मी इतक्या जवळून कुठल्या शिक्षकाला लिहून घेताना पाहिलं नव्हतं.

तिचं झाल्यावर धैर्यशीलनं हात वर केला. "सर, पण पेपरात काय लिहायचं? नोट्समध्ये तर x³ आहे."

"नोट्समधलं ते पान फाडा," सर बसल्या जागेवरून म्हणाले. "मी आख्ख्या आख्ख्या बॅचेसना शून्य न बघता भागायला लावलं. उद्या नवीन पान देतो. ते दीप्ती लिहील."

"आणि हिला पेपरात वेळ पुरायचा न्हाई त्याचं काय?" धैर्यशीलच्या आवाजात या वेळी टोमणा नव्हता.

"पुरायचा नाही," सर म्हणाले. "तीन प्रश्न सोडवील. तू पाच सोडवशील. पण तिच्या तीनमध्ये मला चुका शोधत बसावं लागणार नाही."

मागच्या बाकावरून आण्णा उठले. तासाच्या मधे बोलावं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी ते पुढे आले.

"सर, मग हिची टर्म?"

"दिली."

"पास होईल?"

"तीन प्रश्नांत पास होता येतं. जेमतेम. ती जबाबदारी तिची, माझी नव्हे."

आण्णांनी मान हलवली. ते उत्तर त्यांना पटलेलं दिसलं. खोटं आश्वासन दिलं असतं तर बहुधा पटलं नसतं. "मग मी संघात जाऊन येतो," ते म्हणाले. "जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगतो. साहेब वाट बघत असतील."

त्यांनी लेकीकडे बघितलं. तिला हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, आणि मारली नाही.

कारण दीप्तीचं लक्ष नव्हतं. तिनं शून्याच्या डावीकडे, रेघेच्या खाली, एक नवीन वळण काढायला घेतलं होतं. "सर," ती फळ्याकडे तोंड करूनच म्हणाली, "खालनं वर येणारी पण असणार की. ऋण बाजूनं यायचं, शून्यावर हवं तेवढं थांबायचं, आणि मग..."

"थांब, थांब," सर वहीत लिहीत म्हणाले, "सावकाश. मला पोचू दे."

आण्णा आवाज न करता दार ओढून घेऊन गेले.