दुधी काचेबाहेरचा बाक

"बाई, खरं सांगा. हिला आत बसवू की बाहेर?"

नळवाल्याच्या बायकोनं हे विचारलं तेव्हा शाळेत शिवण शिकवणाऱ्या शिवणबाईंच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे त्यांना लगेच बोलता आलं नाही. समोर टेबलावर उभी असलेली मुलगी फ्रॉकची दुमड टाचून घेत होती. पुढच्या दोन दातांमुळे सगळी शाळा तिला खार म्हणायची आणि तिलाही ते आवडायचं. उभं राहायचं सोडून ती सारखी खिडकीतून वाकून बघत होती.

सरकारी शाळांतून धर्म शिकवावा असं विधेयक सभागृहात मांडलं गेलं होतं. ते अजून समितीपुढेच पडून होतं, पण हेडमास्तरांना दम निघेना. उद्या कायदा होणारच आहे, मग आपण आजच सुरुवात केली तर वर नाव होईल, असा विचार करून त्यांनी आठवड्याला एक तास लावूनही टाकला होता. सक्ती कुणावरच नाही, हे मात्र ते ज्याला त्याला सांगत. ज्याला नको असेल त्यानं खुशाल बाहेर बाकावर बसावं. नळवाल्याचं घर गावात नवीन होतं आणि त्यांची श्रद्धा निराळी होती. वर्गात अशी ही एकटीच.

शिवणबाईंनी टाचण्या काढून तळहातावर घेतल्या.

"बाहेर म्हणजे कुठल्या बाकावर?"

"वर्गाच्या दाराशी आहे ना, तोच. हेडमास्तर म्हणाले, चांगली हवेशीर जागा आहे."

"आत बसवा," शिवणबाई म्हणाल्या. "कान बंद करून बसू दे. मनात पाढे म्हणू दे. पण आत बसवा."

बाईंचा आवाज असा का झाला ते नळवाल्याच्या बायकोला कळलं नाही. तिनं घरी जाऊन नवऱ्याला सांगून पाहिलं, पण तो सरळ माणूस होता. आपण काय चोरी केली आहे का, असं त्यानं विचारलं. नको त्याला बाहेर बसायची मुभा दिली आहे ना, मग ताठ मानेनं बाहेर बसू दे. त्याचं काही चुकीचं नव्हतं. त्याला तो बाक माहीत नव्हता, एवढंच.

शिवणबाई त्याच शाळेत शिकल्या होत्या. फार जुनी गोष्ट. तेव्हाही असाच कायदा होता, पुढे तो केव्हातरी मोडीत निघाला. त्या वेळी त्यांच्या शेजारी घड्याळजीची मुलगी बसायची. बोटाच्या नखानं सतत काहीतरी वाजवायची सवय, म्हणून तिचं नाव पडलं टिकटिक. धर्माच्या तासाला तिला बाहेर जावं लागे. वर्गाच्या दाराला दुधी काच होती, अजूनही तीच आहे. तिच्यातून पलीकडचं माणूस दिसत नाही, नुसती सावली दिसते. तास संपत आला की टिकटिक काचेवर नखानं दोनदा वाजवायची आणि आत सगळ्यांना हसू फुटायचं.

पहिल्यांदा सगळ्यांचं लक्ष दाराकडे असायचं. मग हळूहळू ते कमी झालं. हजेरी घेताना गुरुजींच्या तोंडून तिचं नाव राहून जाऊ लागलं. खेळताना गडी मोजले की एक कमी भरायचा आणि कुणाला काही वाटायचं नाही. काचेवरची सावली फिकट होत गेली, दुधात पाणी घालत जावं तशी. वर्षअखेरीला वर्गाचा फोटो निघाला. तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या असलेल्या शिवणबाई टिकटिकचा हात घट्ट धरून उभ्या होत्या. फोटो आला तर त्यांच्या शेजारी मोकळी जागा. त्यांचा हात मात्र तसाच, बाजूला धरलेला, बोटं कशाभोवती तरी मिटलेली.

घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं. आई भांडी पुसत होती. ती मान वर न करता म्हणाली, "कोण गं टिकटिक?"

घड्याळजीच्या दुकानापाशी गेल्या तर तिथं छत्र्या दुरुस्त करणारा बसला होता. बापाच्या वेळेपासून इथंच बसतो, म्हणाला.

तो फोटो अजून शाळेच्या व्हरांड्यात आहे. इथं शिकवायला लागल्यापासून शिवणबाई रोज त्याच्यासमोरून जातात. कुणाला सांगायची सोय नव्हती. म्हातारपणाआधीच बाईंना भ्रम झाला, म्हणाले असते.

खार बाहेर बसू लागली. पहिल्या तासाला तिनं काचेला नाक लावून आतल्या पोरांना इतकं हसवलं की हेडमास्तरांना दार उघडून दटावावं लागलं. पुढच्या काही तासांना ती नुसती बसून राहिली. शिवणबाई मुद्दाम काहीतरी निमित्त काढून वर्गात जायच्या आणि काचेकडे बघायच्या. सावली होती, पण तिची कड विरत चालली होती. एकदा तास संपताना काचेवर नख वाजलं. टिक, टिक. शिवणबाईंनी धावत जाऊन दार उघडलं. खार बाकाच्या एका टोकाला बसली होती, दोन्ही हात मांडीखाली घालून.

"तू वाजवलंस?"

"मी नाही. ती वाजवते," खार म्हणाली आणि बाकाच्या मोकळ्या टोकाकडे तिनं हनुवटीनं दाखवलं. "तिला आत कुणी घेत नाही."

शिवणबाईंनी त्या टोकावर हात ठेवला. लाकूड कोमट होतं, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं.

त्याच आठवड्यात खार फ्रॉक घालून बघायला आली. नेमक्या मापानं बेतलेला फ्रॉक तिच्या अंगावर पोत्यासारखा लोंबला. शिवणबाईंनी पुन्हा टेप लावला. मग टेप गुंडाळून ठेवला आणि पोरीला पोटाशी धरून बराच वेळ बसल्या. आई तिला न्यायला आली ती पोरीला विसरून एकटीच परत निघाली. अर्ध्या वाटेवरून पळत आली नि ओशाळून म्हणाली, "माझं डोकं अलीकडे ठिकाणावर नसतं बघा."

समितीचे लोक गावोगाव फिरून लोकांचं म्हणणं ऐकत होते. त्यांची बैठक शाळेच्याच सभागृहात भरली. शिवणबाई इस्त्रीची साडी नेसून पुढच्या रांगेत जाऊन बसल्या. बरेच जण बोलले. संस्कार, शिस्त, पुढची पिढी. सगळे भले लोक, कुणी वाकडं बोललं नाही. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, कुणाचा काही आक्षेप आहे का? शिवणबाई उभ्या राहिल्या.

"मला तुमच्या शिकवण्याबद्दल काही म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. "मी बाकाबद्दल बोलते आहे. पोराला एकदा बाहेर बसवलं की आतल्यांना त्याची सवय होते. मग ते पोर आत आलं तरी बाहेरच राहतं. मी एकदा बघितलंय. परत बघवणार नाही."

अध्यक्षांनी चष्मा पुसला, थोडा वेळ वाट बघितली.

"कुणीच नाही? मग आक्षेप नाही असं धरतो," ते म्हणाले, आणि लोक चहाला उठले. एक जण शिवणबाईंच्या खांद्याला घासून गेला. त्यानं वळून बघितलं आणि भिंतीला धक्का लागल्यासारखा पुढे गेला.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही म्हणावं तर तसंही नाही. उलट गाढ लागली. काय करायचं ते ठरलं होतं.

पुढच्या तासाला त्या शिवणाची पिशवी घेऊन बाकावर जाऊन बसल्या. खारीला त्यांनी दाराच्या बाजूला सरकवलं आणि आपण त्या कोमट टोकाला बसल्या. बसताना हलकेच म्हणाल्या, "सरक गं थोडी." मग खारीला सुईत दोरा ओवायला दिला, काजं करायला शिकवलं. दोरा ओवताना ती जीभ बाहेर काढायची, आणि त्यावरून दोघी हसायच्या. हेडमास्तर एकदा बाहेर डोकावले आणि परत आत गेले.

तेव्हापासून काचेवर नख वाजलं नाही.

हजेरीत खारीचं नाव पुन्हा येऊ लागलं. पोरं तिला खेळायला ओढून नेऊ लागली. फ्रॉक पुन्हा अंगाला बसला, इतका की घेर थोडा सोडावा लागला. नळवाल्याची बायको फाटकाशी आता वेळेआधी येऊन उभी राहायची.

शिक्षकांच्या खोलीत चहाचा एक कप कमी येऊ लागला. शिपाई एकदा शिवणाची खोली बाहेरून कुलूप लावून निघून गेला, बाई आत मशीन चालवत असताना. घरी भावाकडे जेवायला बसायच्या तर ताटं दोनच मांडलेली. वहिनी जीभ चावून म्हणायच्या, "अगंबाई, वन्सं, तुम्ही आहात होय." मग एक दिवस तेही म्हणायच्या थांबल्या. शिवणबाई आपलं ताट आपण घेऊ लागल्या. भाजीत मीठ कमी आहे हे त्या पूर्वीसारखंच सांगत आणि वहिनी काही न ऐकता भावाला विचारत, मीठ कमी झालंय का हो?

वर्षअखेरीला फोटो निघाला. शिवणबाई कधी फोटोत उभ्या राहत नसत, पण खारीनं हात धरून ओढलं. "माझ्या शेजारी," म्हणाली. उन्हात डोळे बारीक करून दोघी कडेला उभ्या राहिल्या.

फोटो आला तो शिपायानं व्हरांड्यात लावायला घेतला. स्टुलावर चढून तो खिळा ठोकत होता. खाली खार टाचा उंचावून बघत होती. फोटोत ती अगदी ठसठशीत आली होती, दोन्ही दात दिसत होते. तिचा डावा हात जरा वर धरलेला, बोटं मिटलेली. त्यापुढे नुसती भिंत.

"ही कडेला एवढी जागा उगीच सोडली," शिपाई म्हणाला.

"उगीच नाही काही. तिथं शिवणबाई आहेत."

"कोण शिवणबाई?"

मागे न बघता खारीनं हात पाठीमागे केला. तो धरायला शिवणबाई तिथं उभ्या होत्या. शिपायाचं त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. मोकळ्या हातानं चष्मा वर करून, वाकून, त्यांनी फोटोतला फ्रॉक जवळून बघितला. दुमड सरळ बसली होती. टाका कुठंही दिसत नव्हता.