खापरपणजोबा, कुरिअरने

आमच्या घरात देव कमी नव्हते. तरी अप्पांनी आणखी एक मागवला, आणि तोही इंटरनेटवरून. अप्पा म्हणजे माझे यजमान, भीमाशंकर. त्यांचे वडील पाटोद्याच्या बाजारात पाल ठोकून मीठ-मिरची विकायचे. त्यात लाजण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही. पण देशात नवं वारं आलं, अप्पांना बीडमध्ये मोटारसायकलची एजन्सी मिळाली, आणि काचेच्या शोरूममध्ये बसल्यापासून त्यांना त्या मिरचीचा ठसका लागायला लागला.

त्यात आमच्या ईश्वरीला धर्मापुरीच्या केदारनाथ पाटलांच्या घरून मागणी आली. मुलगा बसवेश्वर पुण्यात इंजिनिअर, बोलायला गरीब, ईश्वरीला आवडलेला. खरं सांगायचं तर मलाही. पण घराणं पडलं जुनं. त्यांच्या देवघरातले टाक म्हणे सात पिढ्यांचे. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले देव. आमचे टाक आमच्या लग्नात सराफाकडून आणलेले, चकचकीत, अगदी शोरूममधल्या गाड्यांसारखे. पाहुण्यांनी देवघर बघितलं तर सोयरीक हातची जाईल, या विचारानं अप्पांची झोप उडाली.

एसटी स्टँडसमोर यासीनचं सायबर कॅफे होतं. अप्पा तिथं जाऊन बसायला लागले.

"लोक हितं नौकरी शोधतेत, निकाल बघतेत," यासीन त्यांना म्हणाला. "तुमी देव शोधायले, अप्पा."

पहिला देव जयपूरहून आला. सोबत दोनशे वर्षांपूर्वीचा असल्याचं प्रमाणपत्र. मी रिठ्याच्या पाण्यात घातला, तर वरचं काळं सगळं पाण्यात उतरलं आणि खालून कोरा करकरीत खंडोबा हसत बाहेर आला. अप्पांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला, जणू त्याला मीच नवा केला होता.

पण एकदा ठेच लागली आणि माणूस पंडित झाला. दुकानात गिऱ्हाईक गाडीचं ॲव्हरेज विचारायला यायचं, अप्पा त्याला नकली टाक कसा ओळखावा ते सांगायचे. पाठीमागचा फोटो मागवा. दोन टाकांच्या फोटोंत एकच ओरखडा दिसला तर समजा, फोटो एक आणि माल भलताच. परत घ्यायची हमी असेल तरच ड्राफ्ट काढा. आणि झीज बघा. हळद लावणारं बोट फिरतं तिथंच देव झिजतो. सगळीकडं सारखा झिजलेला असला, तर तो भक्तांनी नाही, कानशीनं झिजवलाय. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि समोरच्या एजन्सीत जाऊन गाडी घ्यायचं.

दुसरा टाक त्यांनी परत पाठवला. तिसरा मात्र अस्सल निघाला. घोड्यावर बसलेला गडी, हातात तलवार, तोंड पार पुसून गेलेलं, घोड्याच्या पायांच्या खाचेत जुनी हळद बसलेली. मीही हातात घेऊन बघितला. कुणीतरी रोज जीव लावून पुजलेला होता, यात शंका नव्हती.

अप्पांनी त्याला देवघरात मधोमध बसवलं आणि नातंही ठरवून टाकलं. लढाईत पडलेले आमचे खापरपणजोबा.

"कोणत्या लढाईत?" मी विचारलं.

"लई लढाया झाल्या तवा," अप्पा म्हणाले.

रविवारी पाहुणे आले. केदारनाथ पाटील, बसवेश्वर आणि पाटलांची आई रुद्राणीआजी. आजी चहाच्या आधी देवाला हात जोडायला गेल्या. अप्पा मागोमाग.

"ह्ये कोन?" आजींनी विचारलं.

"आमचे खापरपंजोबा. लढाईत गेले."

"टाक कुनी केला?"

"त्येंच्या लेकानं."

आजींनी टाक हातात घेतला, तोंडावरून अंगठा फिरवला. "आमच्याकडं वीराचा टाक बिनलग्नाच्या गड्याचा करतेत. तरनाताठा गेला, मागं नाव घ्यायला लेकरू न्हाई, म्हनून भावकी त्याला देवात बसवती. लेकुरवाळ्याचा काहून करतील?"

आता अप्पांनी सरळ कानाला हात लावायचा होता. विकत आणला म्हणायचं, नाहीतर चुकून नकली आला म्हणायचं. पण इतके महिने नकलीच्या मागं हात धुऊन लागलेला माणूस. तो शब्द त्यांच्या तोंडून निघेना.

"टाक अस्सल हाय, आजी," ते म्हणाले. "मी स्वतः तपासलाय."

"मग लगीन?"

अप्पा म्हणाले, "लगीन न्हवतं झालं त्येंचं."

म्हणजे एका देवासाठी यांनी आपला सगळा वंश अनौरस ठरवला. त्यात माझे सासरेही आले. उन्हात बसून आयुष्यभर खरं माप घालणारा तो म्हातारा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"इकत आनलाय, आजी," मी म्हणाले. "कॉम्प्युटरवरनं. आमचे सासरे मीठ-मिरची इकायचे, आन् त्येंच्या मायबापाचं लगीन झालतं."

बसवेश्वर आत ईश्वरी उभी होती त्या दाराकडं बघत होता. लग्न मोडणार हे मला त्याच क्षणी कळलं, आणि पोरीसाठी फार वाईट वाटलं.

आजींनी टाक हळूच खाली ठेवला. "जो आजा इकत घेतो," त्या म्हणाल्या, "तो उद्या माजा नातू बी इकत घेतलाय म्हनंल."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण बसले नाही.

"घेतलाच हाय की, आजी. तुमच्या पाटलांनी परवाच फोन केलता. हुंड्यात चारचाकी मागितली, रंगसुद्दा सांगितला."

आजींना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी मुलाकडं मान वळवली. बसवेश्वरनंही वळवली.

"कोंचा रंग रं?" आजींनी विचारलं.

केदारनाथ पाटलांनी धोतराचा सोगा नीट केला.

"चंदेरी," ते म्हणाले.