पुठ्ठा रिकामा, फरशीवर बोल्ट

रविवार, अठरा नोव्हेंबर. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटे. पुठ्ठ्यावरची रिकामी भोके : छत्तीस.

हा पुठ्ठा म्हणजे निदेशकांचा जीव की प्राण. तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत शिकवण्यात उभी हयात घालवलेला हा गृहस्थ इंजिन उतरवताना प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावरच्या आकृतीत ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवी. पुठ्ठा रिकामा झाला की काम झाले, असा त्यांचा हिशोब. आज तो रिकामा झाला होता. म्हाताऱ्या गाडीत इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुन्हा एकत्र नांदू लागले होते. आता फक्त किल्ली फिरवायची बाकी होती.

नेमके याच कारणाने त्यांच्या पत्नीच्या पोटात दुखत होते.

बाई शिवणवर्ग चालवीत आणि तो भरे बैठकीच्या खोलीत. सोफ्यावर टेकावे तर टाचणी टोचे. त्यांना गाडीची शेड हवी होती. बरीच आदळआपट झाल्यावर तह झाला होता आणि त्याची वाक्ये निदेशकांनी स्वतः, शब्द मोजून, सांगितली होती : रविवारी चारच्या आत गाडी आपल्या पायांनी फाटकाबाहेर गेली, तर राहील, नाही तर भंगारवाल्याच्या टेम्पोत चढेल आणि शेड बाईंची होईल. बाईंनी टेम्पो सांगूनही ठेवला होता.

निदेशक हात धुवायला वळले तशा बाई उठल्या. एका शिवणयंत्राच्या लोखंडी पायाचा बोल्ट त्यांनी सोडवला, तेलात बुडवला आणि शेडमध्ये जाऊन गिअरबॉक्सच्या बरोबर खाली फरशीवर ठेवला. मग इतक्या साळसूदपणे जेवायला वाढले, की निदेशकांनी भाजीची तारीफ केली.

जेवणानंतर शेडमधून किल्ली फिरल्याचा आवाज आला नाही. तेव्हाच बाईंनी ओळखले की मासा गळाला लागला. त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

निदेशक बोल्ट हातात धरून पुठ्ठ्याकडे पाहत होते. शेजारी त्यांचे साडू. यांचे कापडाचे दुकान होते. आता ते मुलाकडे सोपवून साडूंनी सकाळपासून इथे मदतीचा सपाटा लावला होता.

"दादा, एवढं काय? माझ्या मिक्सरमधून दोन स्क्रू उरले, तरी फिरतोय की."

"फिरतोय. पण त्याच्याजवळ घरातलं कोण उभं राहतं?"

"कोणी नाही," साडूंनी कबूल केले.

"पुठ्ठा म्हणतो सगळं बसलं. फरशी म्हणते एक बाहेर आहे. दोघांतलं एक खोटं बोलतंय."

"मला तर बाई फरशीच खरी वाटते," बाई म्हणाल्या. "अहो, कशाला जिवाला त्रास? टेम्पोवाल्यासाठी चहा टाकू का?"

"अगं, चारला अवकाश आहे."

मग छत्तीसही बोल्ट पहिल्यापासून तपासणे आले. प्रत्येकाला पाना, प्रत्येकाला खडूची खूण. दोन वाजले. तीन वाजले. बाई अधूनमधून डोकावत आणि घड्याळाकडे पाहून गालातल्या गालात हसत.

सव्वातीनला निदेशक गाडीखाली शिरले. गिअरबॉक्सच्या पोटाला एक छोटी खिडकी असते. आत टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारे गोल, जाड भांडे. ते चार बोल्टांनी इंजिनाला जोडलेले. पण खिडकीतून दिसतो एका वेळी एकच. पुढून कोणीतरी इंजिन पाव फेरा फिरवायचे, की पुढचा बोल्ट समोर येतो. सकाळी हे काम साडूंनी केले होते, आताही पुढे तेच उभे होते.

पहिला घट्ट. खडू. "पाव फेरा."

दुसरा घट्ट. खडू. "पाव फेरा."

तिसरा समोर आला, आणि त्याच्यावर आधीच खडू होता.

निदेशकांनी त्या खडूवर बोट फिरवून पाहिले.

"साडूभाऊ, किती फिरवलंत?"

"पाव."

"नक्की?"

"पाव. आणि वर थोडं, आपल्याकडून."

"वर किती?"

"पावच. दादा, दुकानाची सवय. नुसतं मापात दिलं की हात चोरटा वाटतो हो!"

म्हणजे दर वेळी अर्धा फेरा! सकाळी तेच दोन बोल्ट दोनदा आवळले गेले होते. उरलेले दोन, काल हाताने नुसतेच अडकवलेले, निदेशकांच्या बोटांनी गरगर फिरले.

"गाडी सुरू झाली असती," गाडीखालून शांत आवाज आला, "कोपऱ्यापर्यंत गेलीही असती. मग हे दोन सुटले असते आणि आत सगळा चुराडा. या बोल्टाने वाचवलं. कुठला आहे कोण जाणे, पण देवमाणूस आहे."

देवमाणसाला स्वतःच्या हाताने तेलात बुडवणाऱ्या बाई दारातच थिजल्या. आपल्याच पायावर धोंडा, तोही पुसून, चकाकवून!

चारला दहा कमी असताना किल्ली फिरली. इंजिन खोकले, थरथरले आणि गुरगुरत स्थिरावले. निदेशकांनी गिअरचा दांडा सरकवला, ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी आपणहून, नववधूसारखी पुढे निघाली. फाटकाबाहेर टेम्पोवाल्याने सलाम ठोकला.

निदेशक चौकाला वळसा घालून ऐटीत परतले, तर फाटक बंद. शेडमध्ये दोन शिवणयंत्रे मांडलेली आणि साडू तिसरे उचलून आणत होते.

"अगं, हे काय? गाडी राहील असं ठरलं होतं!"

"राहू दे की. फाटकाबाहेर गेली, तर राहील. परत आत यायचं कुठे ठरलं होतं? शब्द तुम्हीच मोजले होते ना?"

निदेशक गाडीतून उतरून फाटकाशी आले. तेवढ्यात साडूंनी टेकवलेले तिसरे यंत्र डुगडुगले. निदेशकांची नजर त्याच्या पायाकडे गेली. तिथे एक भोक रिकामे होते.

फाटक ढकलून ते आत आले, गुडघ्यांवर बसले आणि खिशातला बोल्ट भोकाला लावला. तो शेवटच्या आट्यापर्यंत सुरळीत गेला. त्यांनी मान वर करून बाईंकडे पाहिले.

"चहा घेणार ना?" बाई घाईने म्हणाल्या. "टेम्पोवाल्यासाठी टाकलेला आहे."

"घेईन. साखर मापात. वर थोडी, आपल्याकडून."

शिल्लक बोल्ट : शून्य.