सागाचे शेंडे

रेवजीने तुमच्या जंगलखात्याचा एकही साग मोडलेला नाही, साहेब, आणि हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. तरी होळीच्या आत त्याची झोपडी उठवायचा हुकूम तुम्ही काढलात. पुढे सगळं खरं-खोटं कळल्यावरही तो माघारी घेतला नाहीत. जाणूनबुजून केलेल्या अशा गोष्टीला आमच्याकडे अन्याय म्हणतात. मी तो शब्द तुमच्या तोंडावर वापरतो आहे.

मी युसुफ गाडीवान. शाळेची पोरं ज्या दोन बैलगाड्यांतून तुमच्या रानात आली, त्यांतली पुढची गाडी माझी. जे झालं ते माझ्या बैलांसमोर झालं. त्यांना बोलता येत नाही म्हणून मी बोलतो.

रानाचा वर्ग ही मुळात तुमचीच कल्पना, हे मी नाकारत नाही. कल्पना चांगली होती. मोलगीच्या वाटेवरचं ते रान तुम्ही शिकारीला बंद केलंत, हद्दीवर पाटी ठोकलीत, आणि अक्कलकुव्याला शाळेत येऊन म्हणालात, "पोरांना झाडं-जनावरं जवळून दाखवा. ओळख झाली की हात उगारवत नाही." लोटन मास्तरांना स्वर्ग दोन बोटं उरला. पुस्तकातल्या निसर्गपाठात सफरचंदाचं झाड होतं, आणि ते मास्तरांनीसुद्धा जन्मात पाहिलेलं नव्हतं.

वाट दाखवायला रेवजी तुम्हीच दिलात. तो तुमच्या खात्याच्या जंगलगावात राहतो. वणवा लागला की विझवायचा, पावसात रोपं लावायची, रानाचा पहारेकरी, नाकेदार, बोलावील तेव्हा जायचं. त्या बदल्यात भगर-उडीद पेरण्यापुरतं शेत आणि झोपडीपुरती जागा. खात्याची मर्जी फिरली की दोन्ही गेली. त्याची बायको कमलीबाई आणि तो, दोघांचं सगळं जगणं त्या मर्जीवर.

तरी माणूस हसरा. मोहाच्या खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखवले तेव्हा दगा नावाच्या शेतकऱ्याच्या पोराने विचारलं, "अस्वल आते कोठे शे?"

रेवजी म्हणाला, "तुन्हा मांगे."

दगा जो पळाला तो थेट माझ्या गाडीत. दुसऱ्या दिवशी त्याने शाळेत सांगितलं की अस्वल पाहिलं. घरी जाऊन पोरं आयांना पानं ओळखायला लावू लागली. माझी पोरगी फरजाना आधी दगड मारून पाखरं उडवायची. ती दुसऱ्यांच्या हातातले दगड काढून घ्यायला लागली. हे तुमच्या वर्गाने केलं, साहेब. त्याचं श्रेय तुमचं, ते घ्या.

मग पौषातली ती फेरी. पोरांना पाणवठ्यावर येणारं चार शिंगांचं हरण, चौशिंगा, पाहायचं होतं. पाणवठ्याची वाट वेगळी, खिंडीतून जाणारी. त्या खिंडीत एका दगडाच्या देवापुढे काड्यांचा ढीग आहे. रानात शिरणाऱ्या प्रत्येकाने तिथे एक काडी टाकायची, म्हणजे आत कोण कोण गेलं ते देवाला कळतं, आणि तो सगळ्यांना धड बाहेर काढतो. तिकडची माणसं हे पाळतात.

रेवजीने पोरांना थांबवलं. त्याची घरची बोली भिली, पण गावच्या पोरांशी तो अहिराणीत बोलायचा. "रानमां जावानं ते देवले सांगीसन जावानं. खाले पडेल एकेक काडी उचला आनि आठे टाका."

दगाने नाक मुरडलं. "वाळेल काडी? देवले? मन्ही माय शिळं फूल बी चढाऊ देत नही."

"और क्या," शब्बीर म्हणाला. हा आमच्या मोहल्ल्यातल्या पिंजाऱ्याचा पोरगा. "दरगाह पे सूखे फूल कोई चढाता है क्या?"

एरवी ह्या दोघांचं कशावर जमत नाही. त्या दिवशी जमलं. खिंडीच्या खालच्या अंगाला तुमची सागाची नवी लावणी होती, छातीएवढी रोपं, पंख्याएवढी हिरवीगार पानं. देवाला चांगलं ते द्यावं, असं पोरांना आम्हीच घरोघर शिकवलेलं. सगळी पोरं उतारावर धावली. लोटन मास्तर मागे, पायातला काटा काढत बसलेले. मी बैल सोडत होतो. मास्तर लंगडत येईपर्यंत पोरं वर आलीसुद्धा, प्रत्येकाच्या हातात सागाचा कोवळा शेंडा.

"अरे, काय केलंत हे! टाका, टाका ते खाली!" मास्तर ओरडले.

रेवजीने हात आडवा केला. त्याचं तोंड उतरलं होतं. ती रोपं पावसात त्याने आणि कमलीबाईनेच लावलेली. तरी तो म्हणाला, "मास्तर, ऱ्हावू द्या. पोरेसनी देवना नावे हातमां लिधं शे. आते ते हातमाईन टाकता येत नही. ठेवू द्या देवपुढे. नाकेदारले मी सांगसू."

देवाच्या नावाने उचललेलं खाली टाकायला लावायचं नाही, ही त्याच्याकडची रीत. पोरांनी शेंडे ठेवले. कोवळं सागाचं पान चुरगळलं की लाल रस निघतो. पोरांचे तळवे रक्तासारखे लाल झाले, आणि ती एकमेकांच्या गालाला हात पुसत हसायला लागली.

नाकेदाराला सांगायला जावं लागलं नाही. तोच खिंडीतून वर आला. ढीग पाहिला, खालची बोडकी रोपं पाहिली.

"कोनी तोडं हाई?"

कुणीही खोटं बोललं नाही, साहेब. सगळ्या पोरांनी हात वर केले. सगळे तळवे लाल. फरजाना म्हणाली, "हमने तोड्या, चाचा. देव के वास्ते."

नाकेदाराने त्या हातांकडे पाहिलं, आणि रेवजीचं मनगट धरलं. रेवजीचे हात कोरडे होते.

मी म्हणालो, "अरे भाऊ, आंधळा शे का? हात कोना लाल शेत?"

तो म्हणाला, "युसुफभाई, ह्या पोरेसना बाप गावमां शेत. उद्या कचेरीवर येतीन. याना कोण शे?"

रेवजी हसला. म्हणाला, "मन्हा तूच ना, नाकेदारभाऊ. दरसाल मन्ही कोंबडी तूच ते खाई जास."

त्या हसण्याचा नाकेदाराला राग आला असेल. पण हुकूम त्याने काढला नाही. तो तुम्ही काढलात. राखीव जंगलात रोपांची नासधूस केली, सबब जंगलगावातून काढला. आणि रानाचा वर्ग बंद.

ज्या दिवशी हे कळलं, त्याच दिवशी पोरांनी शाळेत बसायला नकार दिला. लोटन मास्तर मवाळ माणूस, बदलीला भिणारा. पण तेही उठले. माझ्या गाडीतूनच आम्ही तुमच्या कचेरीला आलो. कमलीबाई आधीच येऊन बाहेर चिंचेखाली बसली होती.

आत काय झालं ते तुम्हाला आठवत नसेल, तर मी दारात उभा होतो. पोरांनी एकेकाने पुढे येऊन सांगितलं, मी तोडला, मी तोडला. शब्बीर रडला. दगा म्हणाला, "सायेब, आम्ही नवी रोपं लावसूत, पानी बी घालसूत."

तुम्ही खुर्चीतून उठलात. खूश झालात. तुमच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं मला वाटलं, ते खोटं नसावं. "शाबास! खरं बोलणारी मुलं पाहिली की बरं वाटतं," म्हणालात, आणि शिपायाला सांगून पोरांना बिस्किटं वाटलीत.

फरजानाने बिस्किट घेतलं नाही. तिने विचारलं, "फिर रेवजीकाका का घर रहेगा ना?"

तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात. "बेटा, तू लहान आहेस. तो मोठा होता, जबाबदारी त्याची होती."

आम्ही बाहेर आलो. कमलीबाई उठून उभी राहिली. "पोरेसनी सांगं ना? मंग सायेब काय बोलना?" मास्तरांनी मान खाली घातली, म्हणून मला सांगावं लागलं. ती रडली नाही. पोरांच्या हातातल्या बिस्किटांकडे पाहून म्हणाली, "खाई ल्या रे, भुक्या व्हशात." दगाने खाल्लं. सकाळपासून उपाशी होता, त्याला मी दोष देत नाही. बाकीच्यांनी गाडीतल्या कडब्यावर ठेवली, ती बैलांनी खाल्ली.

आता तुमचीच जबाबदारीची भाषा घेऊ. पोरांच्या पुढे रेवजी चालत होता म्हणून दोष त्याचा, असं तुम्ही म्हणता. मग रेवजीच्या पुढे कोण होतं? वर्ग कुणी काढला, पोरं कुणी बोलावली, त्याला वाट दाखवायला कुणी धाडलं? आणि मोठेपणाचाच हिशेब असेल तर मास्तर तिथे होते, मी होतो. मास्तरांची नोकरी गेली नाही. माझा गाडीचा परवाना गेला नाही. तुमच्या बंगल्याचं एक कौलही हललं नाही. त्या नाकेदाराने निदान कारण तरी उघड सांगितलं होतं: रेवजीच्या मागे कुणी नाही.

सागाचं नुकसान झालं, मान्य. पण तुमच्याच खात्याची माणसं साग लावताना त्याचा शेंडा छाटून नुसता बुडखा पुरतात, हे रेवजीने पोरांना आधीच्या फेरीत दाखवलं होतं. त्या मोडलेल्या रोपांना चैत्रात फूट येईल. रेवजीच्या शेतात मात्र ह्या पावसात कुणी पेरणार नाही, आणि दुसरं शेत त्याला कोण देतो?

मी काल जंगलगावात गेलो होतो. त्याने झोपडीचा एकही वासा सोडलेला नाही. कमलीबाई अंगण सारवत होती. "पोरं खरं बोलनी, मंग सायेब हुकूम फिरवतीन," असं तो मलाच समजावत होता. शपथेवर सांगतो, साहेब, त्याचा तुमच्यावर अजून विश्वास आहे. माझा नाही.

शाळेत लोटन मास्तर पाढे घेतात, कविता घेतात. निसर्गपाठाचा तास आला की पोरं पुस्तकच उघडत नाहीत. फरजाना घरी मला रोज तेच विचारते: तोडलं आम्ही, सांगितलं आम्ही, मग घर त्याचं का? मी गाडीवान, मला हुकूम काढता येत नाहीत आणि फिरवताही येत नाहीत. म्हणून हे उत्तर माझ्याकडे मागू नका, मास्तरांकडे मागू नका. होळीच्या आधी शाळेत या, पोरांसमोर उभे राहा आणि सांगा. हुकूम मागे घेता की नाही?