विनिताचा धवला

"काका, दार लावा," रीमा मॅडम म्हणाल्या, आणि दौलत म्हात्रे कात्री उचलून चालू लागला.

मॅडम गाडीत बसून वाट पाहत राहिल्या. दौलत कोपऱ्यातल्या ग्राइंडरपाशी गेला, चाक सुरू केलं आणि मन लावून कात्रीला धार लावू लागला. शेवटी मॅडमच उतरून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि तोंड मोठं करून म्हणाल्या, "धार नाही हो काका. दार. गाडीचं दार!"

ओठांवर दोन्ही शब्द सारखेच उमटतात, त्याला दौलत तरी काय करणार? मॅडम हसल्या, तोही हसला. पण त्या दिवशी त्याचं मन हसण्यात नव्हतं.

दौलतचे कान नारपोलीतल्या लूमनी, कापड विणणाऱ्या यंत्रमागांनी, खाल्ले होते. तळमजल्यावर बापाचे लूम, वरच्या मजल्यावर संसार. लूमच्या खडखडाटात कोणी ओरडत नाही, ओरडून उपयोगच नसतो. तोंडं हलवायची, बोटं नाचवायची, समोरच्यानं ओठ वाचायचे. अर्धं आयुष्य असं गेलं. मग धंदा बसला, लूम भंगारात गेले, तेव्हा कुठे दौलतला कळलं, की बंद पडलेत ते नुसते लूम नव्हेत. मुलीनं, करिष्मानं, कानाचं यंत्र आणून दिलं. ते लावलं की भांड्यांचा आणि हॉर्नचा नुसता कालवा व्हायचा. यंत्र कपाटात गेलं आणि दौलत पूर्णा गावाबाहेरच्या या गोदामात कामाला लागला.

इथे चिंध्यांचं फेल्ट बनायचं. निजामपुऱ्यातल्या लूमची उरलेली सुतं, कापडाच्या कडा, सगळं पिंजून, दाबून त्याच्या जाड चादरी करायच्या आणि त्या मोटारींच्या दारांत, पायांखाली, छताला भरायच्या. बाहेरचा गोंगाट त्यांनी प्यायचा आणि आत बसणाऱ्याला सुख द्यायचं. बहिऱ्यानं दुसऱ्यांसाठी शांतता कापायची, हा देवाचा विनोद दौलतला पहिल्याच दिवशी कळला होता, आणि कोणी हसायच्या आत तो स्वतःच हसून मोकळा झाला होता.

सध्या गोदामात उभी होती ती गाडी मात्र साधीसुधी नव्हती. अंगभर काळ्यापांढऱ्या नक्षीचा कागद चिकटवलेला, नाव नाही, निशाणी नाही, आणि उंची एवढी की छत पुसायला स्टूल लागायचं. ती अजून बाजारात आली नव्हती म्हणून हे सोंग; बड्या लोकांच्या दारात जायला तिला अवकाश होता. रीमा मॅडम तिच्या आवाजाच्या इंजिनीअर, म्हणजे खरं तर आवाज मारण्याच्या. काचा दुहेरी, दारांना रबरावर रबर, टायरच्या आत स्पंज आणि सगळीकडे दौलतनं साच्याबरहुकूम कापलेलं फेल्ट. मध्यंतरी त्यांनी गाडी इतकी गप्प करून टाकली, की आत बसणाऱ्याला स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येऊन घाबरायला व्हायचं. मग इंजिनाची थोडी गुणगुण मुद्दाम परत आत सोडावी लागली. "माणसाला अगदीच काही ऐकू आलं नाही ना काका, तर भीती वाटते," मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली होती.

कात्री खाली ठेवून दौलत म्हणाला, "मॅडम, एक मागनं हाय."

"बोला ना."

"माझ्या बायकोला या गाडीत बसवाचा हाय. जरासा. तिचा गाना ऐकाचाय मना."

विनिता धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजीला उशीर झाला तर चालतं, धवलारणीला झालेला चालत नाही. हळदीपासून अक्षतांपर्यंत प्रत्येक विधीचा धवला तिनं गायचा, तेव्हा तो विधी पुरा होतो. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर विनिता हे मावससासूकडून शिकली, आणि तोवर दौलतच्या कानांतून बायकांचा उंच आवाज पार निघून गेला होता. लोक त्याला सांगायचे, "म्हात्रेबाय गायला लागली की डीजेवालापन गप बसतो, दौलतशेठ." दौलत मान डोलवायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आता विनिताच्या घशात गाठ निघाली होती. सोमवारी मुंबईत ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, स्वरपेटी काढावी लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. जीव वाचणार या आनंदात सगळं घर होतं. दौलतही होता. पण साऱ्या तालुक्याच्या ओळखीचा हा आवाज आपण एकदाही ऐकलेला नाही आणि आता कधीच ऐकणार नाही, हे त्याला आतून खात होतं. सगळ्यात शांत जागी ती गायली, तर कानाच्या तळाशी उरलंसुरलं जे काही असेल त्याला ते लागेल, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

बाहेरच्या माणसाला त्या गाडीजवळ फिरकायची परवानगी नव्हती. मॅडमनी गोदामाच्या दाराकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाल्या, "शनिवारी दुपारी फेल्ट दाबायचा प्रेस बंद असतो. घेऊन या काकूंना, मी असेन." आणि लॅपटॉपकडे वळता वळता आणखी काहीतरी बोलल्या. ते दौलतला कळलं नाही, पण त्यानं मान हलवली. न कळलेल्या बोलण्याला मान हलवायची त्याची जुनी सवय.

शनिवारी विनिता लग्नाला जाताना नेसायची ते हिरवं लुगडं नेसून आली. रिक्षातून उतरल्यापासून तिची कुरकुर चालू होती. "डाक्टर बोलतो बोलू नको, आनि तुमी बोलता गा. कोनाचा ऐकू मी?"

"आजच्या दिवस माझा ऐक."

मॅडमनी दार उघडलं तशी चढायला सोपं जावं म्हणून गाडी हळूच खाली बसली. विनिता दौलतकडे वळली. "अगो बाय! ही तर पाया पडते माझ्या."

दोघं मागच्या सीटवर बसली. विनितानं मऊ चामड्यावरून हात फिरवला. "यात तुमचा काम कंचा?"

"ते दिसत न्हाय. चामड्याच्या मागं असतंय. तुझ्या पाठीला, पायाखाली, डोक्यावर."

"म्हंजे सगलीकडं तुमीच," विनिता म्हणाली. मॅडमनी दार लावलं आणि त्या बाहेर थांबल्या.

विनितानं पदर सावरला, डोळे मिटले आणि मांडवात देवांना बोलावण्याचा धवला धरला. यात एकेका देवाला नाव घेऊन हाक मारायची असते. दौलतनं कान तिच्या तोंडापाशी नेला. कानाला तिचा गरम श्वास लागला, आवाज लागला नाही. घरी ती गुणगुणली की भिंतींतून, लाद्यांतून काहीतरी घुमल्यासारखं तरी त्याला वाटायचं. इथे तेवढंही नव्हतं. आणि मग त्याच्या लक्षात आलं. फेल्ट आवाज पितं. बाहेरचा कोणता आणि आतला कोणता, हे ते बघत नाही. त्यानंच कापून, ठोकून बसवलेले थर विनिताचा धवला पिऊन टाकत होते. मॅडम त्या दिवशी वळता वळता हेच बोलल्या असणार.

दौलतचा हात दाराच्या बटणाकडे गेला. पण ती गात होती, शेवटचं गात होती, आणि तिला आत्ता मध्येच सांगणं त्याच्या जिवावर आलं. मागे सरकून तो तिचे ओठ वाचू लागला. वज्रेश्वरीला हाक गेली, मग गावदेवीला. त्यानं ओठांच्या ठेक्यावर मान डोलवायला सुरुवात केली. विनितानं डोळे उघडले. त्याच्याकडे बघत तिचे ओठ हलत राहिले, आणि दौलत डोळे भरून डोलत राहिला. मग ती थांबली.

"कसा वाटला?"

"काय सांगू तुला," दौलत म्हणाला. "लोका बोलतान तसाच हाय. गोड."

"अवं," विनिता म्हणाली, "डोले उघडले तवाच मी आवाज बंद केला. नुसता तोंड हलवत होते."

दौलतनं मान खाली घातली. एवढी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. विनितानं हनुवटीला धरून त्याचा चेहरा वर केला, कारण मान खाली घातलेल्या दौलतशी बोलता येत नाही.

"रागावले न्हाय मी. सोमवारी सगली लोका बोलतील, म्हात्रेबायचा आवाज गेला. तुमच्यासाठी काय जानार हाय माझा? तुमच्यासाठी मी कालपन अशीच होते."

दौलतला हुंदका आवरेना. विनितालाही आवरेना. दोघं त्या गुबगुबीत सीटवर एकमेकांचे हात धरून रडली.

मग दौलतनं डोळे पुसले आणि वाकून दाराचं बटण दाबलं. दार हळूहळू उघडलं. बाहेर मॅडम होत्या, चिंध्या निवडणाऱ्या दोन बायका होत्या, दुपारचं ऊन होतं.

"दार कशाला उघडला?" विनितानं विचारलं.

"तुझा आवाज लोकांचा हाय. या फेल्टला कशाला द्यायचा? देवांना अर्ध्या वाटेवर उभा करू नको. आवाजात गा."

विनितानं एक पाय खाली ठेवला आणि दाराच्या उंबऱ्यावर बसूनच धवला पुढे धरला. दौलत या वेळी तिच्या ओठांकडे बघत नव्हता. तो समोरच्या माणसांकडे बघत होता. चिंध्या निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. एकीनं नकळत डोक्यावर पदर घेतला. रीमा मॅडमचे ओठ थोडे उघडे राहिले होते आणि डोळ्यांतलं पाणी गालावर आलं तरी ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. विनिताचा आवाज असा आहे तर, दौलतला वाटलं, आणि त्यानं त्या चेहऱ्यांवरून नजर हलवली नाही.

मॅडमच्या हातातला फोन उजळला, विझला, पुन्हा उजळला. त्यांनी तो उचलला नाही.